पेशंटची माहिती फुटली की सरकार कोणाला आणि कशापायी धरतं: हॉस्पिटल, लॅब, मेडिकलवर नवीन लागलेल्यांसाठी

मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. कुठल्याही हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये कामाला गेलो की मी आधी तीच शोधतो आणि ती सापडतेच, कधी कीबोर्डखाली, कधी कॅलेंडरच्या मागे, एका ठिकाणी तर गणपतीच्या फोटोच्या फ्रेमला खोचलेली होती. पासवर्ड काय, तर हॉस्पिटलचं नाव आणि पुढे एक दोन तीन. डॉक्टरसाहेब, सिस्टर, रिसेप्शनवरची ताई, रात्रपाळीचा पोरगा, सगळ्यांचं लॉगिन एकच.

मी पुण्यात तीन वर्षं रात्रपाळीत अमेरिकन हॉस्पिटलांचं बिलिंग केलंय. तिथं फ्लोअरवर जाताना मोबाईल लॉकरमध्ये, कागद-पेनसुद्धा टेबलावर चालत नाही आणि पहिल्याच दिवशी हिपा हिपा (पेशंटची माहिती जपायचा अमेरिकेतला कायदा) करून डोकं पिकवतात. तेव्हा वैताग यायचा. आता घरी परत येऊन जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळ्याकडच्या छोट्या हॉस्पिटलांचं कॉम्प्युटरचं आणि रेकॉर्डचं काम बघतो, तर नवीन लागलेली पोरं मला विचारतात की भाऊ, आपल्याकडे एवढं कोण बघतं, दंड बिंड सगळा अमेरिकेत. त्यांना मी जे तुकड्या तुकड्याने सांगतो ते एकदाच सलग लिहून काढलंय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

पायरी १: "फुटणं" म्हणजे हॅकिंग, हे आधी डोक्यातून काढा

माझ्या चुलत बहिणीची गोष्ट सांगतो. तालुक्याच्या गावातल्या एका लॅबमध्ये तिची टीबीची तपासणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह. तिथल्या कोणीतरी स्क्रीनचा फोटो काढून ओळखीच्या एकाला पाठवला आणि वर "कोनले सांगू नको" असंही लिहिलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो भाऊबंदकीच्या ग्रुपवर. रिपोर्ट आमच्या हातात दुसऱ्या दिवशी आला, गावाला आदल्या दिवशीच माहीत. सहा महिने गोळ्या घेऊन पोरगी ठणठणीत झाली पण ठरत आलेली सोयरीक मोडली ती मोडलीच. याच्यात हॅकर कुठे होता सांगा बरं. एक मोबाईल आणि एक तोंड, बस.

आता बाहेरच्या देशांत ज्यांच्यावर कारवाया झाल्या त्या बघा, निम्म्या अशाच घरगुती वाटतात.

सीव्हीएस ही अमेरिकेतली मोठी मेडिकल दुकानांची साखळी. औषधांच्या बाटल्या, त्यावर पेशंटचं नाव असलेली लेबलं, सगळं तसंच दुकानामागच्या उघड्या कचरापेटीत टाकायचे. २००९ मध्ये साडेबावीस लाख डॉलर भरावे लागले. लंडनमध्ये डोअरस्टेप डिस्पेन्सरी नावाच्या फार्मसीने मागच्या अंगणात कुलूप नसलेल्या खोक्यांत जवळपास ५ लाख कागद ठेवले होते, पेशंटची नावं, पत्ते, औषधं, त्यातले काही पावसापाण्याने भिजलेले. २०१९ च्या डिसेंबरात २ लाख ७५ हजार पाउंड दंड लागला, पुढे अपिलात तो कमी होऊन ९२ हजारावर आला. आणि आपल्याकडे मी स्वतः स्टँडजवळच्या टपरीवर भजी घेतली तर पुडीच्या कागदावर कोणाचातरी लिपिड प्रोफाइल. भजी खात खात त्या बाबाचं कोलेस्टेरॉल वाचलं मी, वय आणि गावासकट.

इलिनॉयच्या प्रेझेन्स हेल्थमध्ये तर ऑपरेशन थिएटरच्या वेळापत्रकाचे कागद हरवले होते, नुसते कागद, ८३६ पेशंटची नावं त्यावर. २०१७ मध्ये ४ लाख ७५ हजार डॉलर. कशासाठी ते पुढे सांगतो, तिथं खरी मजा आहे.

कोलोरॅडोतल्या पॅगोसा स्प्रिंग्ज नावाच्या छोट्याशा हॉस्पिटलाने नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन बंदच केलं नाही, तो घरी बसून अपॉइंटमेंटचं कॅलेंडर बघू शकत होता. ५५७ पेशंटचा मामला, २०१८ मध्ये १ लाख ११ हजार ४०० डॉलर. डॅलसच्या एका दातांच्या दवाखान्याने ऑनलाइन वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटचं आडनाव आणि ट्रीटमेंट लिहून टाकली, २०१९ मध्ये १० हजार डॉलर. हे शेवटचं जरा थांबून वाचा, कारण आपल्याकडे गुगलवर कोणी एक स्टार दिला की डॉक्टरसाहेबांचा पारा चढतो आणि उत्तर टाईप करायला बसवतात तुम्हाला. "तुमच्या सासूबाईंचं बिल अजून बाकी आहे, आणि शुगर चारशे असताना तुम्ही आणलं" असलं काही लिहायचं नाही भो. साहेब बोलले तरी नाही. "आपण हॉस्पिटलात येऊन भेटा" एवढं पुरे.

नेदरलँडमध्ये हेगच्या हागा हॉस्पिटलात एक प्रसिद्ध बाई ॲडमिट होती आणि काही संबंध नसलेल्या कितीतरी कर्मचाऱ्यांनी तिची फाईल उघडून बघितली. चोरलं काहीच नाही, फक्त डोकावलं. दंड ४ लाख ६० हजार युरो (पुढे कोर्टात साडेतीन लाखांवर आला), का तर कोण फाईल उघडतंय याच्यावर नियमित नजर नव्हती आणि नुसत्या पासवर्डवर दार उघडत होतं. आपल्या इकडे आमदारसाहेब ॲडमिट झाले की काय होतं ते तुम्हाला माहितीये.

कॅमेऱ्याचं पण लक्षात ठेवा. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं सीसीटीव्ही फुटेज बाहेर आलं, टेलिग्रामवर विकलं जात होतं, पकडलेल्यांत महाराष्ट्रातलीही माणसं होती. तपासणीच्या खोलीत कॅमेरा पाहिजेच कशाला, हा प्रश्न कॅमेरा बसवणाऱ्याच्या आधी आपण विचारायचा असतो.

पायरी २: दारात कोण येणार ते ओळखा

अमेरिकेत आरोग्य खात्याच्या आत नागरी हक्कांचं एक कार्यालय आहे, ओसीआर म्हणतात. हिपा कायदा १९९६ चा, पण माहिती जपायचे नियम प्रत्यक्षात २००३ पासून पाळायला लागले आणि फुटलं तर सांगायची सक्ती २००९ नंतर आली. ५०० किंवा जास्त लोकांची माहिती गेली तर ६० दिवसांच्या आत पेशंटला, सरकारला आणि तिथल्या मीडियाला कळवायचं, आणि मग सरकार हॉस्पिटलचं नाव वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल असं टाकतं. त्या यादीला तिकडचे लोक शरमेची भिंत म्हणतात. हिपात न बसणारी ॲप्स वगैरे असतील तर त्यांना एफटीसी नावाचं व्यापार खातं धरतं, गुडआरएक्स या औषधांच्या ॲपला २०२३ मध्ये १५ लाख डॉलर लावले कारण लोक कोणती औषधं बघतात ते फेसबुक, गुगलला पुरवत होते. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा माहिती जपायचा कायदा, तिथं दंड २ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते.

तुम्ही वर्क फ्रॉम होम करून अमेरिकन क्लेम, कोडिंग, ट्रान्सक्रिप्शन करत असाल (आणि जळगाव-धुळ्यातली बरीच पोरं आता करतात) तर हिपा तुम्हाला लांबचा नाही. तिकडच्या हॉस्पिटलाने तुमच्या कंपनीशी करार केलेला असतो आणि त्या करारातून ती जबाबदारी तुमच्या घरातल्या टेबलापर्यंत येते. भाच्याला गेम खेळायला तोच लॅपटॉप देणं म्हणजे काय ते आता समजा.

आपल्याकडे सध्या जरा खिचडी आहे, नीट वाचा.

सायबर हल्ला, रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस), डेटा लीक असं काही झालं तर सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, सिस्टमचे लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे हेही त्यातच. आयटी कायद्याचं कलम ४३अ आणि २०११ चे नियम, त्यात मेडिकल रेकॉर्ड संवेदनशील माहितीत धरलंय, कंपनीच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. ५ कोटीपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांसमोर चालतो, म्हणजे कोर्टात नाही, मंत्रालयात. करारातून हातात आलेली माहिती जाणूनबुजून बाहेर देणाऱ्याला ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कलम कंपनीलाच नाही, तुम्हाला-मला पण लागतं.

मग आला नवा कायदा, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. चौकशी करून दंड लावणाऱ्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाची तरतूद लगेच लागू, पण हॉस्पिटलांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. तेव्हापासून सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटीपर्यंत आणि फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटीपर्यंत दंड. हा आकडा ऐकून एका डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, "माझं अख्खं हॉस्पिटल विकलं तरी दोन कोटी येणार नाहीत, ते अडीचशे कुठून आणू?" तर घाबरू नका, ती वरची मर्यादा आहे. किती गंभीर, किती दिवस चाललं, पुन्हा पुन्हा झालं का, नुकसान कमी करायला काय केलं, आणि दंडाचा त्या माणसावर काय परिणाम होईल, हे सगळं बोर्डाने बघायचं असं कायद्यातच लिहिलंय.

दोन गोष्टी मात्र कडू आहेत. दंडाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो, पेशंटला त्यातलं काही नाही. आणि हा कायदा पूर्ण लागू झाला की भरपाईवालं ४३अ निघून जाणार. माझ्या बहिणीसारख्यांना काय मिळालं मग? मला हे पटलेलं नाही, पण कायदा असा आहे.

अजून एक खाचखळगा. नवा कायदा डिजिटल माहितीलाच लागतो. नुसता कागदी केसपेपर त्यात नाही, पण त्याचा मोबाईलवर फोटो काढला की आला. म्हणून कागद मोकळे सोडा असं नाही, डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन वेगळं आहेच, एचआयव्हीचा २०१७ चा कायदा वेगळा, मानसिक आजाराचा २०१७ चा वेगळा, आणि गर्भपात केलेल्या बाईचं नाव उघड केलं तर एमटीपी कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. गर्भपाताचं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी ते कपाटात टाका.

पायरी ३: दंडाची ऑर्डर वाचायला शिका, आकडा शेवटी बघा

बातमीत मोठा आकडा येतो आणि आपण "बापरे" करून पुढे सरकतो. ऑर्डर उलटी वाचायची. पहिलं, गडबड त्यांच्या लक्षात कधी आली. दुसरं, सांगितलं कधी. तिसरं, आधी धोका कुठेकुठे आहे हे कधी बसून तपासलं होतं का. चौथं, चौकशीवाल्यांशी कसे वागले. एवढ्या चार जागा पेन्सिलने खूण केल्या की दंड कशाचा आहे ते समजतं, आणि तो बहुतेक वेळा चोरी झाल्याचा नसतोच.

वरचे ते ऑपरेशनचे हरवलेले कागद घ्या. हरवल्याचा दंड नव्हता तो. ६० दिवसांत कळवायचं होतं, त्यांनी शंभराच्या वर दिवस लावले, त्याचे पावणेपाच लाख डॉलर. ओसीआरने फक्त उशिरासाठी केलेली ही पहिली तडजोड होती.

सिग्नेट हेल्थचं प्रकरण तर मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं तेव्हा हसायलाच आलं. मेरीलँडमधले ४१ पेशंट स्वतःचे रेकॉर्ड मागत होते, हे देईनात. सरकारने विचारलं तर सरकारलाही उत्तर नाही. शेवटी कोर्टाच्या आदेशानंतर खोकीच्या खोकी पाठवून दिली, त्यात त्या ४१ जणांसोबत दुसऱ्या साडेचार हजार पेशंटचे कागद, ज्यांचा काही संबंधच नाही! २०११ मध्ये ४३ लाख डॉलर दंड, त्यात पेशंटला रेकॉर्ड न दिल्याचे १३ लाख आणि चौकशीला सहकार्य न केल्याचे ३० लाख. म्हणजे गुन्ह्यापेक्षा आडमुठेपणा दुपटीने महाग पडला.

अँथम या विमा कंपनीचं प्रकरण खऱ्या हॅकिंगचं. फसव्या ईमेलमधून आत शिरून जवळपास ७ कोटी ९० लाख लोकांची माहिती नेली, २०१५ मध्ये उघड झालं, २०१८ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर भरले. ऑर्डरमध्ये पहिला ठपका काय, तर पूर्ण कंपनीभर धोक्याची पाहणी केलेलीच नव्हती. ही ओळ तुम्हाला अमेरिकेच्या ऑर्डरींत इतक्या वेळा दिसेल की पाठ होईल.

फिनलंडचं वास्तामो वाचताना मात्र हसू येत नाही. मानसोपचार देणारी कंपनी, लोकांनी थेरपिस्टजवळ बोललेल्या गोष्टी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोराने एकेका पेशंटला ईमेल करून पैसे मागितले, नाहीतर तुझं सगळं छापतो म्हणून. कंपनीला ६ लाख ८ हजार युरो दंड, तोही सुरक्षा नव्हती आणि वेळेत कळवलं नाही म्हणून, पण तोपर्यंत कंपनीचं दिवाळंच निघालेलं. चोर पुढे पकडला, २०२४ मध्ये सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली.

पोर्तुगालमध्ये बरेरोच्या हॉस्पिटलात डॉक्टर २९६ आणि डॉक्टर म्हणून चालू असलेली लॉगिनं ९८५. चार लाख युरो. तुमच्या हॉस्पिटलात ही मोजणी आजच करा, पाच मिनिटं लागतात, आणि निकाल बघून चहा कडू लागतो.

सरकार नेहमी जिंकतं असंही नाही बरं का. टेक्सासच्या एमडी अँडरसन या कॅन्सर सेंटरचा लॅपटॉप चोरीला गेला, दोन पेनड्राइव्ह हरवले, काहीच एन्क्रिप्ट केलेलं (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं) नव्हतं, २०१८ मध्ये ४३ लाख ४८ हजार डॉलर लावले. ते कोर्टात गेले आणि २०२१ च्या जानेवारीत वरच्या कोर्टाने दंड रद्द केला, मनमानी आहे म्हणाले, कारण त्यांच्याकडे एन्क्रिप्शनची व्यवस्था कागदावर आणि थोडीफार प्रत्यक्षात होती आणि दुसऱ्यांना सरकारने तसल्याच चुकीसाठी सोडलं होतं. मी यातून एवढंच घेतो की तुम्ही जे जे केलंय ते तारखेसह लिहून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

सिंगापूरचं पण टिपून ठेवा. २०१८ मध्ये सिंगहेल्थची १५ लाख पेशंटची माहिती गेली, त्यात खुद्द पंतप्रधानांची. दंड लावताना हॉस्पिटलवाल्यांना अडीच लाख आणि त्यांचं आयटी बघणाऱ्या संस्थेला साडेसात लाख सिंगापूर डॉलर. ब्रिटनने मार्च २०२५ मध्ये ॲडव्हान्स्ड नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीलाच ३० लाख ७० हजार पाउंड लावले, चोरीला गेलेल्या माहितीत घरी सेवा घेणाऱ्या ८९० लोकांच्या घरात शिरायचं कसं, म्हणजे दार कसं उघडायचं, हेसुद्धा होतं. आपल्या नव्या कायद्यात मात्र सॉफ्टवेअरवाल्याकडून फुटलं तरी बोर्डासमोर उत्तर द्यायला उभं राहायचं ते हॉस्पिटलनेच. "तो नाशिकचा सॉफ्टवेअरवाला बघतो सगळं" हे वाक्य चालणार नाही.

पायरी ४: पहिल्या आठवड्यात करायची कामं

खर्च जवळपास शून्य. मोठं हॉस्पिटल असेल तर आयटीवाला असतो, हे वीस-तीस खाटांवाल्यांसाठी.

एक कोरी वही घ्या आणि पेशंट दारातून आत येतो तिथून त्याच्या मागे मागे चाला. नाव कुठे लिहिलं, आधारची झेरॉक्स कोणी ठेवली, महात्मा फुले योजनेची कागदपत्रं स्कॅन करून कोणत्या कॉम्प्युटरवर, एक्सरेचा फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये, लॅबचा रिपोर्ट कोणत्या नंबरवर, डिस्चार्जनंतर फाईल कुठे. प्रत्येक जागेपुढे लिहा की इथून कोण बघू शकतं. झालं, यालाच ते लोक रिस्क ॲनालिसिस म्हणतात, आणि अँथमला हेच जमलं नव्हतं. मी एका ठिकाणी हे केलं तर सगळ्यात मोठं भोक कुठे निघालं? डॉक्टरांच्या ड्रायव्हरच्या फोनवर. साहेब गाडीत असताना रिपोर्ट त्याच्याच व्हॉट्सॲपवर यायचे, दोन वर्षांचे तसेच पडून.

मग लॉगिन. माणशी एक, आणि नोकरी सोडली त्याच दिवशी बंद. पगाराचा हिशोब करतानाच लॉगिन बंद केल्याची सही घ्यायची पद्धत लावा म्हणजे विसरत नाही. चिठ्ठी फाडा. (फाडली तर नवीन लागते, मला माहितीये, तरी फाडा.)

व्हॉट्सॲपबद्दल लोक माझ्याशी भांडतात. बंद करा असं मी म्हणतच नाही, रावेरच्या पेशंटचा ईसीजी जळगावच्या डॉक्टरला दोन मिनिटांत दिसतो आणि जीव वाचतो, ते बंद करणारा मी कोण. पण ग्रुपमधून सोडून गेलेले लोक काढा, औषध कंपनीचा एमआर आणि ॲम्ब्युलन्सवाला त्याच ग्रुपात कशाला ते विचारा, फोटोत नावाची पट्टी झाका, आणि फोटो आपोआप गॅलरीत सेव्ह होतात ते बंद करा. घरच्यांच्या मोबाईलमध्ये लग्नाच्या फोटोंमध्ये कोणाची जखम दिसणं बरं नाही.

रद्दीवाल्याला केसपेपर जायच्या आधी श्रेडर, नाहीतर हाताने फाडून पाण्यात भिजवून. तीन वर्षांपर्यंत रेकॉर्ड ठेवायचं हा डॉक्टरांचा नियम आहे, त्याच्या आत काही फाडू नका, आणि केस कोर्टात असेल तर तेव्हाही नाही.

बॅकअप रोज, आणि त्याची एक कॉपी वायर काढून वेगळी. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअर पडलं तर जवळपास दोन आठवडे ओपीडीच्या चिठ्ठ्या हाताने लिहायची वेळ आली, ती देशातली सगळ्यात मोठी संस्था. आपलं काय.

संमतीच्या फॉर्मचं एक बोलतो. नव्या कायद्याप्रमाणे पेशंटला इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत समजावायचं, त्यात मराठी आहे, अहिराणी नाही, भिली नाही, पावरी नाही. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या आजीला छापील मराठी फॉर्मवर अंगठा लावून घेतला म्हणजे कायदा पाळला असं वाटेल, पण तिला काय समजलं? तिच्या बोलीत सांगणारी एखादी मावशी असतेच स्टाफमध्ये, तिला बोलवा, आणि कोणी समजावलं ते फॉर्मवर लिहा.

पायरी ५: फुटलीच तर

घड्याळ बघा आणि वेळ लिहा. खरंच, आधी वेळ लिहा, कारण सहा तासही तिथूनच मोजतात आणि पुढे बहात्तर तासही.

कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका. घाबरून पोरं आधी हेच करतात आणि पुरावा जातो. नेटची वायर काढा, मशीन तसंच ठेवा, स्क्रीनचा फोटो घ्या. सर्ट-इनला ६ तासांच्या आत मेल. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार, पैसे पण गेले असतील तर १९३० वर फोन. मे २०२७ नंतर यात भर पडेल: बोर्डाला लगेच कळवायचं, ७२ तासांत सविस्तर द्यायचं, आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येक पेशंटला. आपल्या कायद्यात अमेरिकेसारखी पाचशे-बिचशेची अट नाही, एकाचीही गेली तरी सांगायचं.

पेशंटला सांगायचं म्हणजे साध्या भाषेत. काय गेलं, कधी, त्याने त्याला काय त्रास होऊ शकतो, आम्ही काय करतोय, त्याने काय करावं, फोन कोणाला करावा. "तांत्रिक कारणास्तव काही अडचण उद्भवली" असलं लिहिलेलं पत्र मी एकदा पाहिलंय, वाचून कोणाला वाटेल लाईट गेली होती.

आणि मालक म्हणाले "राहू दे, कोणाला कळलं नाही", तर? तुम्ही नोकर माणूस, भांडू शकत नाही, समजतं मला. पण तुम्ही कधी आणि काय सांगितलं ते मेल किंवा मेसेजने लिहून पाठवा, तोंडी नको. कॉपी स्वतःकडे ठेवा, पेशंटचा डेटा सोडून.

पायरी ६: आणि तुम्हीच पेशंट असाल तर

हे शेवटी लिहितोय कारण नवीन लागलेला माणूस घरी गेला की तोही कोणाचातरी भाऊ, पोरगा असतो, आणि गल्लीत त्यालाच विचारतात.

स्वतःचे कागद हवे असतील तर लेखी अर्ज करा, ७२ तासांत द्यायचा नियम डॉक्टरांना आहे. माहिती फुटली असेल तर आधी हॉस्पिटलच्याच तक्रार कक्षाकडे जायचं, नव्या कायद्यातही बोर्डाकडे थेट जाता येत नाही, आधी त्या संस्थेचं दार वाजवावं लागतं आणि तिला उत्तर द्यायला ९० दिवसांपर्यंत मुदत आहे. नुकसानभरपाई हवी असेल तर ४३अ जिवंत आहे तोवर आयटी सचिवांकडे. डॉक्टरनेच फोडलं असेल तर राज्याची मेडिकल कौन्सिल.

अर्जात रागावून पानभर लिहू नका. तारीख, कोणता रिपोर्ट, कोणत्या ग्रुपवर किंवा कोणाकडे दिसला, स्क्रीनशॉट, त्यामुळे काय झालं, आणि तुम्हाला काय हवंय. आम्ही बहिणीच्या वेळी यातलं काहीच केलं नाही. काकांनी लॅबवाल्याला दुकानात जाऊन शिव्या दिल्या, तो म्हणाला आमच्याकडून गेलंच नाही, आणि तोपर्यंत ग्रुपवाल्याने फोटो डिलीट केलेला. हातात काही राहिलंच नाही. म्हणून स्क्रीनशॉट आधी, शिव्या नंतर. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या, आणि काउंटरवरची ताई "साहेब आल्यावर देते पोच" म्हणाली तर तिथंच बाकावर बसा, साहेब येईपर्यंत.